गिळ्या पास शिकवतो

माझ्या बहिणीचा नवरा रग्बीत पासिंग शिकवायला लागला, ही बातमी आईनं मला फोनवर दिली तेव्हा मी एका दवाखान्याच्या लिफ्टखाली, खड्ड्यात उभा राहून ग्रीस लावत होतो. हसता हसता हातातला पाना पायावर पडला.

"हसतोस काय?" आई म्हणाली. "जावईबापूंना क्लबानं स्वतःहून बोलावलंय."

"आई, त्या माणसानं जन्मात कुणाला पास दिलेला नाही."

"नसेल दिला. आता शिकवतील."

आईपुढे वाद घालण्यात अर्थ नसतो. पण ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांना मी का हसलो ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. रग्बीत चेंडू हातात धरून पुढे पळता येतं, पण हातानं पुढे फेकता येत नाही. द्यायचा तर बाजूला नाहीतर मागेच द्यायचा. आणि समोरून माणसं तुम्हाला आडवं पाडायला धावत असतात, त्याला टॅकल म्हणतात. म्हणजे सगळी गंमत एवढीच, की समोरच्याला आपल्या अंगावर येऊ द्यायचं, तो अगदी भिडेपर्यंत चेंडू हातात ठेवायचा आणि शेवटच्या क्षणी शेजारच्याला द्यायचा. धक्का आपल्याला, मोकळी वाट शेजाऱ्याला. बाकी जे काही लोक फळ्यावर बाण काढून शिकवतात ते सगळं ह्याच एका गोष्टीचे दागिने असतात.

आता ह्या जावईबापूंबद्दल, म्हणजे गिळ्याबद्दल. हे नाव मी ठेवलेलं नाही. आमच्या टीममध्ये एक दाढीवाला सुतार होता, त्यानं ठेवलं. चेंडू ह्याच्या हातात गेला की गिळलाच, पुन्हा बाहेर दिसायचा नाही, म्हणून गिळ्या. हा सेंटरला खेळायचा आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला, मैदानाच्या कडेच्या रेघेशी, विंगवर मी. विंगवरच्या माणसाचं काम म्हणजे आतून चेंडू आला की जीव खाऊन पळणं. माझी सगळी जवानी जीव खाण्यात गेली, पळायची वेळ आली नाही. टीममध्ये माझं नाव खांब्या पडलं. कोपऱ्यात झेंड्याचा खांब असतो, त्याच्या शेजारी दुसरा मी.

बरं, हावरट माणूसही मी समजू शकतो. काही हावरे शूर असतात, समोरच्या तिघांना अंगावर घेऊन घुसतात, दात पाडून घेतात. अशाला मी शिव्या देईन, पण मनातून मान तुकवीन. गिळ्यात तेवढंही नव्हतं. समोर टॅकलवाला दिसला की हा आडवा पळायचा. सरळ नाही, आडवा, म्हणजे माझ्याच दिशेनं. मग टॅकलवालाही त्याच्याबरोबर आडवा सरकायचा, माझी जागा आकसत जायची, आणि शेवटी मी रेघेबाहेर ढकलला जायचो. माझ्या मागोमाग गिळ्या, चेंडू पोटाशी धरून, बसमधून उतरावं तसा अलगद बाहेर पाऊल टाकायचा. वर टाळ्या वाजवून म्हणायचा, "चला चला, पुढच्या वेळी!" सामना संपल्यावर आम्ही सगळे चिखलानं बरबटलेले असायचो आणि ह्याच्या जर्सीची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसायची. त्याची आई ते कौतुकानं शेजारणींना सांगायची.

असा माणूस माझ्या बहिणीला बघायला नाही, तर माझे विसरलेले बूट परत द्यायला म्हणून आमच्या घरी आला आणि बहिणीलाच पसंत करून गेला. मी घरी सांगून पाहिलं, हा माणूस कुणाला काही देत नाही. आई म्हणाली, "अरे, बूट दिलेच ना परत?" वडील म्हणाले, "खेळातलं खेळात ठेव." बहिणीला तो उंच वाटला. उंच होताच. झालं लग्न. त्या दिवसापासून ज्याला मी मैदानावर आईमाईवरून बोलत होतो, त्याला चारचौघांत 'भाऊजी' म्हणायची पाळी आली.

गिळ्याच्या घराला लागूनच त्यांचं पडद्यांचं दुकान. लांबट, बोळासारखं. दोन्ही भिंतींना कापडाचे ताके उभे केलेले, त्यांतून वाट काढत आत जायचं. पुढच्या बाजूला गिळ्या, गळ्यात मापाची टेप टाकून. टेप गळ्यात घालून मी त्याला शेकडो वेळा पाहिलंय, खिडकीला लावताना एकदाही नाही. ते काम त्याच्या थोरल्या भावाचं. थोरला भाऊ शिडीवर चढून भिंतीत भोकं पाडणार, दांड्या बसवणार, डोळ्यांत सिमेंटची पूड घेऊन घरी येणार. मागच्या अंधाऱ्या खोलीत ट्यूबलाइटखाली मशीनवर माझी बहीण, पडद्यांच्या कडा दुमडून शिवत बसलेली. आणि गिळ्या पुढे गिऱ्हाइकासमोर दोन बोटांत कापड धरून डोळे बारीक करणार. "ह्या खिडकीला ना, चुण्या जवळजवळ हव्यात." गिऱ्हाईक खूश. जाताना म्हणणार, "काय कलाकार माणूस आहे!" हा ते कौतुक हसून घेणार. मागे मशीनपर्यंत त्यातलं काही पोचायचं नाही.

जेवायलासुद्धा तेच. टेबलावर भाजीचं भांडं फिरत फिरत त्याच्यापाशी गेलं की तिथंच मुक्कामाला. माझी भाची लहानपणी खुर्चीवर उभी राहून ओढून घ्यायची. पुढे ती पळण्यात पटाईत झाली, त्याचं मूळ मी तिथंच मानतो.

तर क्लबाचं असं झालं. गावात बायकांची टीम होती. कॅप्टन एक बसची कंडक्टर, खांद्यानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. गर्दीच्या बसमधून माणसं मागे सरकवायची सवय, त्यामुळे मैदानावर तिला काही वेगळं करावं लागायचं नाही. सेंटरला बेकरीवाली, मनगटं लोखंडाची. विंगवर माझी भाची, नुकतीच कॉलेजला जायला लागलेली. त्यांचा जुना कोच नोकरी बदलून दुसऱ्या गावी गेला. क्लबाचे अध्यक्ष औषधांच्या दुकानाचे मालक. खेळातलं त्यांना एवढंच कळायचं, की सामन्याच्या दिवशी मलम जास्त खपतं. पडदे बदलायला म्हणून ते गिळ्याच्या दुकानात गेले आणि पडद्यांबरोबर कोचही घेऊन आले. फुकटात मिळत होता. फुकटचं म्हटलं की औषधवाल्यांची परीक्षा फार कडक नसते.

गिळ्यानं पाच-सहा व्हिडिओ पाहिले, एक शिट्टी घेतली, 'कोच' लिहिलेली टोपी क्लबाकडून मागून घेतली, आणि तयार. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तर जेवणाच्या टेबलावर पडद्याच्या दांडीच्या कड्या मांडून बसलेला.

"ये, खांब्या. बघ. ह्या पितळी कड्या म्हणजे आपल्या पोरी, ह्या लाकडी म्हणजे समोरच्या." त्यानं एक पितळी कडी सरकवली. "ही हिला देणार. ही देण्याचं नाटक करणार, पण देणार नाही. ही मागून येऊन घेणार, हिला देणार, आणि ही पार कडेला. ह्या चालीचं नाव झालर."

"आणि ह्या सगळ्या वेळात लाकडी कड्या काय करणार?"

"म्हणजे?"

"त्या जागेवर बसून राहणार का? त्याही सरकतील की. कुणी त्यांना थोपवून धरलंच नाही तर सगळ्याजणी कडेला जाऊन उभ्या राहतील."

त्यानं माझ्याकडे, गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितल्यावर बघतात तसं बघितलं. "तू विंगवर उभा असायचास ना, म्हणून तुला आतलं दिसत नाही," तो म्हणाला.

आतल्या खोलीतून मशीनचा आवाज थांबला. बहिणीनं ऐकलं असावं. मग पुन्हा सुरू झाला.

सराव बस डेपोच्या मागच्या मैदानात व्हायचा. एका बाजूला धुतलेल्या बसेसचं पाणी साचून कायमचा चिखल. मी कामावरून परतताना कुंपणाशी थांबायचो. मजा म्हणून थांबायचो, खोटं कशाला बोलू. गिळ्या मधोमध कोरड्या जागी उभा, टोपी सरळ करत. "झालर!" असं ओरडायचा. मग "दुहेरी चुणी!" मग "सरकता पडदा!" पोरी गोंधळून एकमेकींवर आपटायच्या. सगळ्या चालींचं सार एकच: टॅकल यायच्या आधी चेंडू देऊन मोकळं व्हा. "अंगावर कशाला घेता? लांबूनच द्या! लांबूनच!" त्याला ह्या खेळाबद्दल आयुष्यभर जे वाटत आलं, तेच तो शिकवत होता. फक्त पूर्वी एकट्यानं आडवा पळायचा, आता सबंध टीमला आडवं पळवत होता.

कंडक्टर बाईंनी एकदा विचारलं, "सर, समोरची बाई माझ्यापासून एवढी लांब असताना मी चेंडू दिला, तर ती मला सोडून सरळ पुढचीवर जाईल ना?"

"ते त्यांना कळायला हवं ना!" गिळ्या म्हणाला.

"त्यांना काय कळायचंय? चेंडू दिसतो की त्यांना."

"बाई, तुम्ही तिकिटं फाडा, चाली मला ठरवू द्या."

बाई बसमध्ये विनातिकीट माणूस सापडल्यावर ज्या नजरेनं बघत असतील, त्या नजरेनं बघून जागेवर गेल्या.

सामने हरू लागले. पहिला हरले तेव्हा वारा उलटा होता. दुसरा हरले तेव्हा रेफरी. मग मैदान उतरतं निघालं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी पाठ केली होती, पण तिचा असा रोजचा उपयोग कधी पाहिला नव्हता. अध्यक्ष मलम विकत होते, त्यांची तक्रार नव्हती.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. समोर नदीपलीकडची टीम, दणकट पोरींची. गिळ्या रेघेवरून ओरडला, "झालर!" बेकरीवालीनं शिकवल्याप्रमाणे लांबूनच चेंडू सोडला. तिच्या समोरची बचाव करणारी मोकळीच राहिली, ती सरकली. तिच्या शेजारची आधीच माझ्या भाचीसमोर. चेंडू उंच, तरंगत, आळशासारखा निघाला. भाचीनं वर बघून हात उंचावले, तिच्या बरगड्या उघड्या पडल्या, आणि चेंडू हातात पडायला आणि दोघींनी तिला दोन बाजूंनी धडकायला एकच गाठ पडली. मी कुंपणाच्या बाहेर होतो. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे तिची किंकाळीच ऐकू आली.

गळ्याखालचं हाड मोडलं होतं. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात, भिंतीला टेकवलेल्या बाकावर आम्ही बसलो. बहीण दुकानातून तशीच आली होती, ब्लाउजवर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. गिळ्या टोपी हातात फिरवत उभा. भाचीला प्लास्टरच्या खोलीतून बाहेर आणलं, हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढराफटक. बापानं पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता तरी माणूस माणसासारखं बोलेल.

"तू उशिरा निघालीस," तो म्हणाला. "एक पाऊल आधी निघायला हवं होतं."

भाचीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मामा, मला घरी सोड," एवढंच मला म्हणाली.

मला त्या क्षणी त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. मी उठलोही. बहिणीनं माझ्या बाहीला धरून मला खाली बसवलं.

"आता उठतोस का रे दादा?" ती हळू आवाजात म्हणाली. "इतके दिवस कुंपणाला टेकून हसत होतास ना? तुला सगळं कळत होतं. मग आत जाऊन एका पोरीला तरी सांगितलंस?"

"माझं कोण ऐकणार?" मी म्हणालो.

"विचारलं तरी होतंस का कुणाला? दोघंही सारखेच. एक देत नाही, एक मागत नाही."

हे तिचं बोलणं मला अजूनही अन्यायाचं वाटतं. कोच तो होता, मी नव्हतो. पण ज्या बाईच्या मुलीचं हाड मोडलंय तिच्याशी व्हरांड्यात वाद घालू नये, म्हणून भाचीला घरी सोडायला उठलो.

पुढच्या सरावाला बहीण स्वतः मैदानावर आली. लग्न झाल्यापासून त्या मैदानात तिनं पाय ठेवला नव्हता. साडी खोचून चिखलातून सरळ मधोमध आली. मला तिनं फोन करून बोलावून घेतलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. पोरी गोळा झाल्या. भाची लांब, डेपोच्या पायरीवर, गळ्यात हात बांधून बसलेली.

"अहो," बहीण नवऱ्याला म्हणाली, "ही झालर एकदा तुम्हीच करून दाखवा."

"अगं, मी कोच आहे."

"म्हणूनच. दादा विंगवर उभा राहील. समोर कंडक्टर बाई. तुम्ही चेंडू घेऊन पळा आणि दादाला द्या. मुलीला जसा मिळाला तसा नको, चांगला द्या."

"हा काय पोरखेळ लावलाय?" गिळ्या हसायला बघत होता. आजूबाजूला कुणी हसत नव्हतं. बेकरीवालीनं चेंडू त्याच्या छातीवर ठेवला.

मी बूट घातलेले नव्हते, गुडघा दुखरा, पोट सुटलेलं. तरी उभा राहिलो. गिळ्या निघाला. कंडक्टर बाई दोन पावलं पुढे आल्या आणि तो लगेच आडवा वळला. तोच वळसा, तेच पोटाशी धरलेलं, तीच माझ्या अंगावर येणारी तिरपी धाव. वय झालं, टक्कल पडलं, पण पळ काढण्याची दिशा बदलली नाही. मी रेघेबाहेर, माझ्यामागून तोही. पोरी तोंडावर हात ठेवून खिदळल्या.

"परत," बहीण म्हणाली.

परत तेच. ह्या वेळी त्यानं बाई जवळ यायच्या आतच चेंडू माझ्याकडे भिरकावला आणि स्वतः उडी मारून बाजूला झाला. चेंडू माझ्या डोक्यावरून डेपोच्या पाण्यात.

"परत."

"आता पुरे ना!" तो चिडून म्हणाला. कपाळावर घाम. आणि त्याचा आवाज कापतोय हे मला जाणवलं. सबंध आयुष्य ह्या माणसाच्या शेजारी पळूनही एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती: तो भित्रा आहे हे मला माहीत होतं, पण तो किती भित्रा आहे हे माहीत नव्हतं. समोर एक बाई दोन हात पसरून उभी होती, आणि हा एकेक पाऊल मागे सरकत होता.

"तुमच्या मुलीनं बरगड्या उघड्या टाकल्या होत्या," बहीण म्हणाली. "परत."

तिसऱ्यांदा तो सरळ गेला. डोळे मिटून गेला, हे मी शपथेवर सांगतो. डोळे मिटून, दात खाऊन, आंधळा बैल भिंतीवर जावा तसा. कंडक्टर बाईंनी त्याला कंबरेत धरला आणि असा आपटला, की टोपी उडून एकीकडे, शिट्टी एकीकडे. पडता पडता त्याच्या हातातून चेंडू माझ्याकडे आला. माझ्यासमोर सगळं मैदान मोकळं. कुणी नाही. अगदी कुणी नाही.

माझ्या हातून सुटला.

पास चांगला नव्हता, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. गुडघ्याच्या खाली होता. पण तिथं कोण ऐकतंय? चिखलातून, फुटक्या ओठानं, गिळ्या लहान पोरासारखा ओरडत होता, "दिला! बघा, दिला मी! ह्यानं सोडला!" आणि पुढे कित्येक महिने दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पडद्याचं माप घ्यायच्या आधी हीच हकिगत ऐकावी लागली: आपण कसा दिला आणि मेहुण्यानं कसा सोडला. आयुष्यात एकच पास दिला आणि त्याची पावती साऱ्या गावाकडून वसूल केली.

त्या दिवसानंतर सराव कंडक्टर बाईंनी हातात घेतला. नावाला कोच गिळ्याच. बाई म्हणाल्या, आधी अंगावर घ्यायचं, मग द्यायचं. बस्स. झालर नाही, चुणी नाही. एकीनं पळायचं, एकीनं पाडायचं, एकीनं घ्यायचं, आळीपाळीनं. आठवडाभर पोरींची अंगं काळीनिळी. मग हळूहळू एक एक वाट मोकळी होऊ लागली. सामने जिंकायला लागले. गिळ्यानं ह्या प्रकाराला लगेच 'सरळ पडदा' असं नाव दिलं आणि अध्यक्षांना सांगितलं, की ही चाल त्याच्या डोक्यात पहिल्यापासून होती, फक्त पोरी तयार होण्याची वाट बघत होता. अध्यक्षांनी मान डोलावली. ती मान कशालाही डोलायची.

भाचीचं हाड सांधलं. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली त्याच दिवशी तिनं जेवताना सांगितलं, "मी नदीपलीकडच्या टीममध्ये नाव घातलंय."

"ज्यांनी तुझं हाड मोडलं त्यांच्यात?" बापानं विचारलं.

"त्यांनी नाही मोडलं," ती म्हणाली आणि जेवत राहिली.

मला वाटलं, आता हा आकाशपाताळ एक करणार. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा नेहमीचा धंदा. पण तो पानावरून उठून पुढच्या खोलीत गेला आणि दुकान बंद असूनही टेप गळ्यात घालून बसला.

मोसमाच्या शेवटी दोन्ही टीम समोरासमोर आल्या. हा सामना जिंकला तर आमच्या क्लबाला वरच्या गटात जागा मिळणार होती. अध्यक्ष खुर्ची टाकून बसलेले. गिळ्या रेघेवर, टोपी घालून. सामना शेवटाकडे आला, आमची टीम थोडक्यात पुढे. तेवढ्यात नदीपलीकडच्यांची सेंटर सरळ कंडक्टर बाईंच्या अंगावर गेली, बाईंनी तिला पाडलं, आणि पडता पडता तिनं चेंडू बाहेर दिला. बाहेर माझी भाची. समोर मैदान. ती अशी सुटली, की आमची एकही पोर तिच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. मैदानाच्या शेवटच्या रेघेपलीकडे जाऊन तिनं चेंडू जमिनीवर टेकवला. ट्राय, म्हणजे रग्बीतला गोलच. आम्ही हरलो.

आमच्या बाजूला शांतता. त्या शांततेत एकच माणूस टाळ्या वाजवत होता. गिळ्या. टोपीवर 'कोच' लिहिलेलं, पोरी चिखलात माना खाली घालून बसलेल्या, अध्यक्षांचं तोंड आवळलेलं, आणि हा दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवतोय. "माझी मुलगी!" तो शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता. "ती बघा, माझी मुलगी! बघितलंत कसा धरला तिनं?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

कंडक्टर बाई धापा टाकत त्याच्याजवळ आल्या. "सर, आपण कुणाच्या बाजूचे?"

"बाई, तिनं धरला हो!" तो म्हणाला.

बाईंनीही दोनदा टाळ्या वाजवल्या आणि आपल्या पोरींकडे परत गेल्या.

त्याच आठवड्यात क्लबाची बैठक झाली आणि गिळ्याला काढून टाकलं. ओळीनं सामने घालवले तेव्हा काढलं नाही. पोरीचं हाड मोडलं तेव्हा बैठकसुद्धा बोलावली नाही. दुसरीचं काम आपल्या नावावर खपवलं तेव्हा मान डोलावली. काढलं ते टाळ्या वाजवल्याबद्दल, क्लबाशी बेइमानी म्हणून. त्याच्या कोचगिरीत एकच प्रामाणिक गोष्ट त्याच्या हातून घडली, आणि औषधवाल्यांनी नेमकी तीच हेरली. टोपीही परत मागितली. बहिणीनं ती धुऊन, इस्त्री करून दिली आणि म्हणाली, "जा, तुमची तुम्ही देऊन या." तो गेला आणि देऊन आला.

आता तो भाचीचे सामने बघायला नदीपलीकडे जातो. रेघेवर उभा राहून मोठमोठ्यानं सल्ले देतो, सगळे चुकीचे. शेजारच्यांना सांगतो, की मुलीला लहानपणापासून आपणच तयार केलं. मीही जातो, भाचीसाठी. नातं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याच्यापासून चांगला लांब उभा राहतो. बहीण आमच्या दोघांच्या मधे उभी असते, आणि सामना संपेपर्यंत दोघांपैकी कुणाशीच बोलत नाही.